शेवटचं कडवं

"मंगलाष्टक मी लिहिणार," असं नंदाताईंनी जाहीर केलं, तेव्हा त्यांना कुणीही विचारलेलं नव्हतं.

कर्वेनगरात तात्याराव धुमाळांच्या घरी लग्नाची बैठक चालली होती. तात्यारावांची मुलगी उत्कर्षा आणि लोणी काळभोरचा विक्रम लोंढे, दोघं एकाच कंपनीत. त्यांचं आपसात सगळं ठरलेलं होतं. आता ते ठरवायला मोठी माणसं जमली होती.

नंदाताई म्हणजे तात्यारावांची थोरली बहीण. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका. स्वखर्चाने कवितासंग्रह काढायचे आणि ते लग्नामुंजीत आहेर म्हणून द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या संग्रहांच्या आवृत्त्या कधी संपल्या नाहीत, पण पलंगाखालची जागा संपली होती. त्यांच्या घरी दर पंधरवड्याला 'काव्यकट्टा' भरायचा. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याच आठवड्यात त्याचं नाव 'अभिजात काव्यकट्टा' झालं. कट्टा तोच, चहा तोच, कविताही त्याच. फक्त आता त्या ऐकणं हे राष्ट्रीय कर्तव्य झालं होतं.

"शार्दूलविक्रीडितात लिहीन," नंदाताई म्हणाल्या. "हल्ली लोक सिनेमाच्या चालीवर मंगलाष्टकं म्हणतात. लग्न लागतंय का गाण्याच्या भेंड्या चालल्यात, कळत नाही. शेकडो वर्षांची परंपरा आहे आपली. घराघरात कवी होते."

"अजून हायेत म्हणा की," बजरंगराव म्हणाले. हे विक्रमचे चुलते. विक्रमला वडील होते आणि ते बैठकीत हजरही होते, पण लोंढ्यांच्या घरात बोलायचं खातं बजरंगरावांकडे होतं. "लिवा तुम्ही. आमची काय ना नाय. फकस्त आमच्याकडची चार नावं येऊ द्या त्यात."

या 'चार' शब्दाकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

पाहुणे गेल्यावर तात्यारावांनी कपबश्या गोळा केल्या. मग बहिणीसमोर येऊन उभे राहिले. ते महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. कवितेशी त्यांचा संबंध एवढाच, की ते नंदाताईंचे भाऊ होते.

"ताई, मंगलाष्टकात हिचं नाव पाहिजे."

"कुणाचं?"

"हिचं. उत्कर्षाच्या आईचं."

नंदाताईंनी चष्मा काढला. "तात्या, शुभकार्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. तशी पद्धत आहे."

"पत्रिकेत आहे की."

"पत्रिकेत 'कै.' लावलंय. ते छापायचं असतं. म्हणायचं नसतं."

मंदाकिनीबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. या काळात तात्यारावांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. घरात कुणीच तिचं नाव घेत नव्हतं. नातेवाईक 'वहिनी गेल्यापासून' म्हणायचे, शेजारी 'तुमच्या घरातून गेल्या त्या' म्हणायचे, उत्कर्षा 'आई' म्हणायची. तात्यारावांनी स्वतः उभ्या संसारात 'अगं'वर भागवलं होतं. तिचं नाव त्यांनी मोठ्याने घेतलं ते एकदाच, त्यांच्या लग्नात, उखाण्यात. तेही मित्रांनी पाठीत गुद्दे घातले म्हणून. मुलीच्या लग्नात, सगळ्यांसमोर, ते नाव एकदा मोठ्याने घेतलं जावं एवढंच त्यांना हवं होतं. रुखवत, बँड, घोडा यांतलं त्यांना काही नको होतं.

"मुलीच्या आईचं नाव नाही आणि बजरंगरावांचं आहे, असं कसं मंगलाष्टक?" ते म्हणाले.

नंदाताईंनी उसासा टाकला. नकाराचं खरं कारण पद्धत हे नव्हतं. त्यांच्या तिसऱ्या संग्रहाच्या प्रकाशनाला मंदाकिनीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दीर्घकविता ऐन रंगात आली असताना त्यांनी शेजारणीला विचारलं होतं, "छान आहे. संपली का?" हे माइकमधून सभागृहभर ऐकू गेलं होतं. त्या दिवशी सर्वांत मोठी टाळी याच वाक्याला पडली होती.

"बरं," नंदाताई शेवटी म्हणाल्या. "शेवटचं कडवं तिच्यावर करते. आशीर्वादाचं. मग तर झालं?"

तात्यारावांनी मान हलवली आणि कपबश्या विसळायला घेतल्या.

कडवं खरोखर झालं. दोन दिवसांनी नंदाताईंनी फोनवर ओळ म्हणून दाखवली. 'लेकीच्या सुखसोहळ्यात दिसते मंदाकिनी आजही.' तात्यारावांनी ती पुन्हा म्हणायला लावली. नंदाताईंच्या काव्यजीवनात असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. त्या एवढ्या सुखावल्या, की तिथेच त्यांच्या हातून चूक झाली.

त्यांनी अख्खं मंगलाष्टक दोन्हीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'मोकळेपणाने अभिप्राय द्यावा.'

कवितेवर मोकळेपणाने अभिप्राय मागणारा माणूस फक्त स्तुतीची वाट पाहत असतो, हे पुण्यात लहान मुलालाही कळतं. पण त्या ग्रुपमध्ये अर्धी लोणी होती. आणि दोन्हीकडच्या माणसांनी मंगलाष्टक वाचलं नाही, तपासलं. प्रत्येकाने आधी आपलं नाव शोधलं. सापडलं त्याने अंगठा दाखवला. नाही सापडलं त्याने काव्यातल्या उणिवा काढल्या.

बजरंगरावांचा आवाजी निरोप आला. "ताई, कविता एक नंबर हाय. आमचं नाव बी आलंय. 'लोणीचे बजरंगराव सजले फेटा गुलाबी शिरी.' झ्याक! पर आमच्या मंडळींचं नाव नाय. त्या काल रातच्यापास्नं बोलंनात. बघा जरा."

नंदाताईंनी सौ. बजरंगराव घातल्या. त्याबरोबर धाकट्या जावेने विचारलं की आमचं काय. धाकटी जाऊ आल्यावर तिचे यजमान बाहेर कसे राहणार? ते आले. ते आले म्हणून त्यांच्याशी बांधावरून अबोला असलेले चुलतभाऊ आले, कारण त्यांना वगळलं असतं तर लोणीत चर्चा झाली असती. लोंढ्यांची नावं वाढली म्हणताना धुमाळांकडचे जागे झाले. वारज्याच्या मामांनी लिहिलं, 'आम्ही मुलीकडचे, म्हणजे पडती बाजू, हे मान्य. पण इतकी?' मामांसाठी कडवं झालं. मग मावशीसाठी, मग मावशीच्या सासूबाई विमलाबाईंसाठी. त्या लग्नाला येणारच नव्हत्या, पण नाव असेल तर विचार करू म्हणाल्या होत्या.

बजरंगरावांचा पुन्हा निरोप आला. "ताई, आमच्या पृथ्वीराजचं नाव टाकलंत, बरं झालं. पर नुसतं पृथ्वीराज नगा लिवू. पोरगं इलेक्शनला उभं राहनार हाय. फुडं 'भावी सदस्य' येऊ द्या."

"बजरंगराव, हे वृत्तात बसत नाही," नंदाताईंनी कळवलं.

"मग वृत्त मोठं घ्या की जरा. खर्चाचं बघू आपण."

नंदाताईंनी रात्रभर विचार केला. सकाळी ओळ तयार होती. 'पृथ्वीराज युवा सदस्य असती भावी, तरी आजचे.' याचा अर्थ त्यांनाही सांगता आला नसता, पण लोणीत ही ओळ फार गाजली. पृथ्वीराजने ती स्वतःच्या फोटोखाली टाकून दोन चौकांत फ्लेक्सही लावले. मंगलाष्टक हळूहळू फ्लेक्ससारखंच दिसायला लागलं होतं. फक्त मधे अधूनमधून चंद्र, सूर्य आणि गणपती होते, आणि त्यांनी जागेबद्दल तक्रार केली नव्हती.

"आत्या, हे मंगलाष्टक आहे का अटेंडन्स?" उत्कर्षाने विचारलं. "आणि माझं नाव कुठंय यात?"

नंदाताईंनी कागद चाळले. नवरीचं नाव खरोखरच राहिलं होतं. ते त्यांनी विमलाबाईंच्या शेजारी बसवलं.

"शेवटचं कडवं आहे ना?" तात्यारावांनी फक्त एवढं विचारलं.

"आहे रे बाबा. ते कुठे जातंय?"

इकडे कार्यालयाची चिंता नव्हती. ते काम मंदाकिनीबाई करून गेल्या होत्या. पुण्यात आधी कार्यालय मिळवावं लागतं, मुलगा नंतरही मिळतो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पुढच्या वर्षीच्या तारखा खुल्या झाल्या त्या सकाळी त्या डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या आणि वैशाखातला एक रविवार घेऊन आल्या होत्या. तेव्हा विक्रमचं नावही घरात कुणाला माहीत नव्हतं. "अगं, पण लग्न कुणाशी?" असं तात्यारावांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ते बघेल तिचं ती. हॉल तिला बघता आला नसता."

लग्नाच्या आठवडाभर आधी तात्याराव कार्यालयात जाऊन आले. कार्यालय वारज्याच्या अलीकडे होतं. तिथे भिंतींपेक्षा पाट्या जास्त होत्या. 'अक्षता वधूवरांवर टाकाव्यात, पंख्यावर नव्हे.' 'ओळख सांगू नये. आम्हीही पुण्यातच राहतो.' 'जेवण कसे होते हे आचाऱ्यास सांगावे, आम्ही डबा आणतो.' या सगळ्या पाट्यांचे जनक व्यवस्थापक माधवराव काचेमागे बसले होते.

"आमचं बुकिंग आहे, येत्या रविवारचं," तात्याराव म्हणाले. "त्यात नावाचं जरा..."

माधवरावांनी वर न बघता बोटाने पाटी दाखवली. 'नावात बदल होणार नाही.'

"बदल नको. सांगायचं होतं, की..."

"सांगण्यासारखं काही नसतं. बुकिंग सौ. मंदाकिनी धुमाळांचं आहे. चार वाजता हॉल रिकामा करून त्यांनी स्वतः येऊन किल्ल्या आणि भांडी मोजून द्यायची. नाही आल्या तर पुकारा होतो. मग येतात. लोकांना लाज असते. त्यांना वेळेवर यायला सांगा."

तात्याराव काचेतल्या गोल भोकाकडे बघत राहिले.

"सांगतो," ते म्हणाले आणि बाहेर आले.

रविवारी सकाळपासून सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. बोहल्यावर विक्रम फेटा बांधून उभा होता, समोर उत्कर्षा. मधे अंतरपाट. तो एका टोकाला वारज्याच्या मामांनी आणि दुसऱ्या टोकाला भावी सदस्य पृथ्वीराजने धरला होता. नंदाताई माइकपाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातला कागदांचा गठ्ठा बघून गुरुजींचा चेहरा उतरला.

"एवढं सगळं म्हणायचंय?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"परंपरा आहे," नंदाताई म्हणाल्या.

"मुहूर्त पण परंपराच आहे हो."

पहिलं कडवं गणपतीचं. ते छान झालं. 'शुभमंगल सावधान' म्हणताच सगळ्यांनी अक्षता टाकल्या. दुसरं झालं, पुन्हा अक्षता. चौथ्या कडव्यापर्यंत पाहुण्यांच्या मुठी रिकाम्या झाल्या. पाचव्यानंतर लग्न लागलं असं समजून बँडवाल्याने जोरात सुरुवात केली. त्याला आवरायला दोन माणसं धावली. सातव्यानंतर त्याने पुन्हा सुरुवात केली. आठव्यानंतर मात्र तो वाजवेना. म्हणाला, "खरंच लागलं की कुणीतरी येऊन सांगा. मी इथंच बसलोय."

लोक ऐकत होते असं म्हणता येणार नाही. आपलं नाव येईपर्यंत माणसं शेजाऱ्याशी बोलत होती आणि आपलं नाव आल्यावर शेजाऱ्याला "आलं बघ" असं सांगत होती. त्यामुळे शेजाऱ्याला त्याचं नाव ऐकू येत नव्हतं. हे मांडवभर चाललं होतं. ज्या नावांसाठी महिनाभर रुसवेफुगवे झाले, त्यांतलं एकही नाव धड कुणाच्या कानावर पडलं नाही.

बजरंगरावांचं कडवं आलं तेव्हा ते मांडवाबाहेर फोनवर होते. कुणाची तरी गाडी आचाऱ्याच्या टेम्पोसमोर लागली होती. ते आत आले ते घाम पुसतच.

"आलं का आमचं?"

"मघाशीच होऊन गेलं," सौ. बजरंगराव म्हणाल्या. "गुलाबी फेटा म्हनल्या तवा समदी तुमची खुर्ची बघत होती. मोकळी."

बजरंगराव सरळ बोहल्यापाशी गेले. "ताई, तेवढं आमचं कडवं परत होऊ द्या. आमी नव्हतो."

नंदाताईंना आयुष्यात प्रथमच 'वन्स मोअर' मिळाला होता. त्या नाही कशा म्हणणार? त्यांनी डोळे मिटून, आळवून कडवं पुन्हा म्हटलं. ते संपतंय तोवर धाकटी जाऊ उभी राहिली. "ह्यांचं दोनदा झालं, मग आमच्या ह्यांचं?" मग ते झालं. मग बांधावरच्या चुलतभावांचं झालं. मुलाकडच्यांचं सगळं दोनदा होतंय म्हटल्यावर मुलीकडचे कसे गप्प बसतील? विमलाबाई खरोखर आल्या होत्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांचं कडवं तीनदा झालं.

अंतरपाट हळूहळू खाली येत होता. आधी विक्रमला उत्कर्षाच्या मुंडावळ्या दिसल्या, मग कपाळ. मग दोघं एकमेकांकडे बघून सरळ बोलायलाच लागली.

"भूक लागलीये का?"

"प्रचंड. तुला?"

"वर घ्या, वर घ्या!" गुरुजी ओरडले.

"मला उद्या मतदारांना हात जोडायचेत," पृथ्वीराज कळवळून म्हणाला. "खांदा गेला माझा."

तात्याराव उत्कर्षाच्या मागे उभे होते. त्यांना ओळीनं सगळं पाठ झालं होतं. विमलाबाईंनंतर मावशी, मावशीनंतर सदस्य, सदस्यांनंतर चंद्रसूर्य. आणि मग शेवटचं. त्यांनी हातातल्या अक्षता पहिल्यापासून टाकल्याच नव्हत्या. त्या त्यांनी शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवल्या होत्या. घामाने हळदीचा रंग तळहाताला लागला होता.

चंद्रसूर्य झाले. नंदाताईंनी कागद उलटला. घसा साफ केला. तात्यारावांनी मूठ वर घेतली.

"लेकीच्या..." नंदाताईंनी सूर लावला.

"बास!" गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि माइक खेचून घेतला. "मुहूर्त टळतोय! माणसं जमवायची का लग्न लावायचं?" आणि त्यांनी कुणाला काही कळायच्या आत शेवटचं संस्कृत कडवं घाईघाईने सुरू केलं. ते संपताच मामांनी आणि पृथ्वीराजने सुटलो एकदाचे म्हणत अंतरपाट टाकला, अक्षरशः टाकला. हार घातले गेले. कुणीतरी धावत जाऊन बँडवाल्याला सांगितलं. "नक्की ना?" असं विचारून त्याने जो दणका दिला, त्यात बाकीचं सगळं बुडालं.

लग्न लागलं. अक्षता कुणाकडे उरल्याच नव्हत्या. तात्यारावांची एक मूठ होती. ती त्यांनी लेकीच्या डोक्यावर हळूच सोडली.

नंदाताई भावाजवळ आल्या. "तात्या, अरे, एकच कडवं राहिलं."

"हो."

"मी म्हणणार होते. तू पाहिलंस ना, माइकच काढून घेतला."

"पाहिलं."

"आता जेवताना म्हणू का? पंगतीत?"

"नको. श्रीखंडात कुणाचं लक्ष नसतं," तात्याराव म्हणाले आणि पाहुण्यांना पानावर बसायला सांगायला गेले.

मंगलाष्टक लांबलं म्हणून पंगत लांबली. पंगत लांबली म्हणून आहेर लांबले. नंदाताईंनी प्रत्येकाला आपला संग्रह दिला. लोक तो बशीखाली धरून आइस्क्रीम खात होते. सगळं उरकून मंडळी खुर्च्यांवर सैलावली. बजरंगराव बुटांच्या नाड्या सोडून बसले होते. चार वाजून गेले होते हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एका माणसाच्या मात्र आलं होतं.

कार्यालयाच्या चारही कोपऱ्यांतले कर्णे एकदम खरखरले. या कर्ण्यांचा आवाज बोहल्यावरच्या माइकसारखा नव्हता. तो गॅलरीत, स्वयंपाकघरात, जिन्यात, रस्त्यावर, सगळीकडे स्वच्छ पोचायचा.

"सौ. मंदाकिनी तात्याराव धुमाळ," माधवरावांचा कोरडा आवाज आला. "सौ. मंदाकिनी तात्याराव धुमाळ यांनी तातडीने काउंटरवर यावे. आपली वेळ संपली आहे."

सगळं कार्यालय गप्प झालं. पान चघळणारी तोंडं थांबली. मांडवात दिवसभरात पहिल्यांदाच सगळ्यांनी एक नाव एकाच वेळी ऐकलं. नंदाताईंच्या हातातले संग्रह खाली पडले. वारज्याचे मामा उभेच राहिले.

"सौ. मंदाकिनी तात्याराव धुमाळ. आपली वाट पाहिली जात आहे."

"ह्ये काय लावलंय?" बजरंगराव लालबुंद होऊन उठले. नाड्या तशाच. "मानसाला काय रीतभात? गेलेल्या मानसाला असं... थांबा, त्याचा कर्णाच काढून आनतो."

"बजरंगराव, बसा," तात्याराव म्हणाले.

"आवो पन व्याही..."

"बसा म्हटलं ना. ऐकू द्या."

बजरंगराव बसले. तात्याराव मांडवाच्या मधोमध एका खुर्चीवर जाऊन बसले. शालूचा घोळ सावरत उत्कर्षा आली आणि त्यांच्या शेजारी बसली. काजळ गालावर उतरलं होतं आणि ती हसतही होती.

"बाबा, आईला बोलावतायत."

"हो. ऐकतोय."

"सौ. मंदाकिनी तात्याराव धुमाळ!" आता माधवरावांच्या आवाजात राग आला होता, त्यामुळे एकेक अक्षर अधिकच ठसठशीत येत होतं. वृत्त नव्हतं, चाल नव्हती, चंद्रसूर्य नव्हते. पुढे 'कै.'ही नव्हतं. "हा तिसरा पुकारा आहे!"

नंदाताई दोघांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. शेवटच्या कडव्याचा कागद अजून त्यांच्या हातात होता. त्यांनी त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"माझ्यापेक्षा बरं म्हणतोय," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेली ही पहिली दाद असावी.

चौथ्या पुकाऱ्यानंतर तात्याराव उठले. खिशातून किल्ल्या काढल्या आणि सावकाश काउंटरकडे गेले. माधवराव काचेमागे माइक धरून बसले होते.

"आपण कोण?"

"धुमाळ. यजमान त्यांचे."

"बुकिंग बाईंच्या नावावर आहे. सही त्यांची लागेल. त्यांनाच पाठवा."

"त्या नाही येणार."

माधवरावांनी पहिल्यांदाच मान वर केली. काचेपलीकडचा माणूस नव्या धोतरात होता, हात हळदीने पिवळे होते आणि डोळे लाल. माधवरावांनी पुण्यात पुष्कळ लग्नं पाहिली होती. त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी माइक खाली ठेवला. मागच्या पाटीकडे बघितलं, मग पुढच्या पाटीकडे. या प्रसंगाची पाटी त्यांनी कधी रंगवून घेतलेली नव्हती.

"मग त्या दिवशी सांगायचं नाही का?" ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, सांगण्यासारखं काही नसतं."

बाहेर संध्याकाळच्या पार्टीचा डेकोरेशनवाला हॉर्न वाजवत होता.

"नियम काय आहे तुमचा?" तात्यारावांनी विचारलं. "माणूस नाही आलं तर?"

"येईपर्यंत पुकारायचं," माधवराव पुटपुटले.

"मग नियम मोडू नका," तात्याराव म्हणाले. त्यांनी किल्ल्या काचेच्या भोकातून आत सरकवल्या. "भांडी मोजून होईपर्यंत तरी."

माधवरावांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग भांडी मोजायला माणूस पाठवला, सावकाश मोज म्हणून सांगितलं, आणि माइक पुन्हा जवळ ओढला.